घाम जिरेपर्यंत

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर एकोणीस.
मे महिना. पत्रा अकरालाच वाजायला लागतो,
तापून, आपला आपण.

मौलिक अमीनची गाडी आली ती दोराने ओढत.
दोन दारांची, करडी, टर्बोवाली,
बॉनेटवर नाकपुडीसारखी एक फट.
"चारुबेन, पावर जोईए. हजी सो घोडा."
अजून शंभर घोडे.
शेवउसळीवर मूठभर शेव वाढवून मागावी तसं.

मी बॉनेट उघडलं.
इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेला.
चुलीच्या वैलावर माठ ठेवावा, तसा.
रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी शिवणीपाशी फुगलेली,
आणि आधीच्या कुणीतरी लॅपटॉप लावून
बूस्ट तेवढा वाढवून ठेवलेला.
दाबलेली हवा तापते.
हे मला कॉलेजात जायच्या आधी, घरातच कळलं होतं.
पण ते असो.

"आधी थंडावा," म्हटलं, "घोडे मग."
तो खट्टू झाला.
थंडाव्याचा आवाज होत नाही ना,
सिग्नलला कुणी मान वळवून बघत नाही.

अकरा दिवस लागले.
बाबा ज्या टेबलावर डेअरीच्या चिलरच्या कॉइली वळायचे
त्यावरच मी अॅल्युमिनियम मांडलं.
निऱ्यांहून बारीक फिनच्या घड्या,
आर्गॉनचा हलका फुत्कार, निळा ठिपका,
नाण्यांची चळत कलंडावी तशी शिवण.
बाबा खुर्चीत. हात थरथरतो म्हणून टॉर्च धरत नाहीत,
वेल्डिंग कानांनी तपासतात.
"तिथे घाई केलीस."
हौदात बुडवून हवा भरली.
तिथूनच एक बुडबुडा,
दर चार सेकंदांनी, अगदी सभ्यपणे.
घासलं, शिवलं, बुडवलं.
पाणी गप्प राहिलं तेव्हा चहा सांगितला.

मग इंटरकूलर पुढे, बंपरच्या जाळीमागे, वाऱ्याच्या तोंडावर.
रेडिएटर दुहेरी. तेलाला त्याचा वेगळा कूलर.
सुरतेहून मॅपिंगवाला आला,
इंजिनाची खटखट हेडफोनमधून ऐकत
बूस्ट जिन्याने चढवावा तसा चढवून गेला.

पहाटे पाच, आजवा रोड.
मी पुढे, मांडीवर मीटर.
बाबा मागच्या नावापुरत्या सीटवर, गुडघे कानाशी.
तिसरा गिअर.
पाठ सीटला चिकटली, कडुनिंब एकात एक मिसळले.
मी रस्ता पाहिलाच नाही.
आत जाणारी हवा: एकेचाळीस.
पूर्वी ती अठ्ठ्याहत्तर असायची.
पुन्हा पळवली. त्रेचाळीस.
पुन्हा. त्रेचाळीसच.
मौलिक घोड्यांबद्दल काहीतरी ओरडत होता.

टपरीपाशी थांबून त्याने किल्लीला हात घातला
आणि मागून बाबांचा हात आला, त्याच्या खांद्यावर.
"लगेच बंद करू नको.
माझे आजोबा सरकारांच्या पागेत होते.
घोडी दौडून आली की लगाम टाकून जायचं नाही.
हळूहळू फिरवायची, घाम जिरेपर्यंत.
तोवर पाणीसुद्धा दाखवायचं नाही."

बाबांना टर्बो ठाऊक नाही.
आतलं लालबुंद चाक, मिनिटाला लाख फेऱ्या,
बंद करण्याआधी त्याला तेल पोचलं पाहिजे,
हे मी सांगणार होते. राहू दिलं.
मौलिकने किल्ली सोडली.

आम्ही तसेच बसून राहिलो, इंजिन मंद.
चहावाल्याने काचेतून तीन ग्लास आत दिले.
तेल एकशे आठ.
एकशे दोन.
बाबांचा हात अजून त्याच्या खांद्यावरच,
थरथर गाडीची की त्यांची, समजत नव्हतं.

"चारुबेन," मौलिक हळूच म्हणाला, "हजी पचास?"
मी चहा संपवला.
अठ्ठ्याण्णव.