सेक्रेटरी

पॅनल पडलं त्याच रात्री
बाजार समितीच्या किल्ल्या
मन्मथअप्पा हुडग्यांच्या करदोट्यातून सोडवून घेतल्या.
चौकशी. बारा दिवस कोठडी.
उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

आता दिवसभर देवणी रोडच्या टपरीत पत्ते,
दोन रुपयांवरून शिव्या,
पार उदगीरच्या किल्ल्यापर्यंत.

रात्री मात्र हातपाय धुऊन
इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन.
बल्बखाली बसतात. समोर कुणी नसतं.
अदबीनं विचारतात, 'मालक,
त्या साली तुम्ही तसं का केलंत?'
थांबतात,
मान हलवतात,
मग लिहितात, तुरीच्या पावत्यांच्या पाठीवर:
ज्याच्यावर उपकार कराल
तो आधी नजर चुकवील,
मग पॅनल काढील.

गठ्ठा नव्या चेअरमनला नेऊन दिला.
त्याच दिवशी कुणी त्याला
कुत्र्यांची जोडी भेट दिली होती.
सुतळीसुद्धा सुटली नाही.

मी म्हणालो, अप्पा,
पाचशे वर्षांमागं फ्लॉरेन्सात
असाच एक सेक्रेटरी होता, नोकरी गेलेला.
पाहिलं तेवढंच लिहिलं त्यानं,
अन् त्याच्या नावाची शिवी झाली.

अप्पांनी पानं पिसली.
'म्हंजी,' म्हणाले,
'वाचलं की कुणीतरी.'