दीड सेकंद

गेल्या मार्चात त्यांनी आमच्या ब्रॅडफर्डचं
लंडन केलं, चार दिवसांपुरतं.
सिटी हॉलच्या दारावर पितळेची खोटी पाटी,
भाड्याने आणलेल्या काळ्या टॅक्स्या,
आणि पाइपने पाऊस.
आमच्याकडे! जिथे तो फुकट मिळतो,
आणि नेमका त्या आठवड्यात फिरकला नाही.

मी तिथे खरीच नोकरी करते. दुसरा मजला, मतदार नोंदणी.
मेलेल्यांची नावं काढायची, अठरा पूर्ण झालेल्यांची घालायची.
हेडफोन लावलेल्या एका पोराने विचारलं,
"कॉरिडॉरमधून फाइल घेऊन चालाल?
चेहऱ्यावर काही नको. तुम्हाला काहीच माहीत नाही."
म्हटलं, एकवीस वर्षं तेच करतेय,
त्याचे वेगळे पैसे मिळतात हे ठाऊक नव्हतं.

त्यांनी दिलेली फाइल कोरी होती.
रिकाम्या फाइलीला वजन नसतं, हात खोटा पडतो.
मी माझ्या टेबलावरची उचलली:
एक वाचनालय बंद करण्याबाबत,
शेरा: चर्चेची आवश्यकता नाही.
नऊ वेळा चालले.
नऊ वेळा नायक मला धक्का मारून धावत गेला,
दर वेळी "सॉरी" म्हणाला,
आणि दर वेळी दिग्दर्शक ओरडला, सॉरी नको!

नोव्हेंबरात सिनेमा लागला.
निहार गोळ्या मोजतो. "आई, तेवीस झाल्या,
त्या पिस्तुलात सतराच मावतात."
त्याच्या लेखी तिथेच सिनेमा मेला.
कौन्सिल टॅक्सच्या गिलियन हेपवर्थला खलनायक हवा घरचा,
शनिवारी नातवाला पोहायला नेणारा,
देश आपणच वाचवतोय असं मनापासून मानणारा.
"डोळ्यावर व्रण असलेले लोक," ती म्हणते,
"माझ्या आयुष्यात कधी बढतीला आलेच नाहीत."
प्रबोधला हेलिकॉप्टर दिसलं की झोप लागते.

मला?
पूल उडाला, चांगला उडाला.
काचा अशा काही फुटल्या की वाटलं,
झाडणाऱ्या बाईलाही नावांच्या यादीत जागा द्यावी.
पण पैसे तिथे वसूल झाले नाहीत.

मध्येच एक म्हातारा कारकून येतो.
त्याच्यापुढे कागद. सही करायची.
मंत्री घड्याळ बघतोय, दारात दोन बंदूकवाले.
कारकून चष्मा पुसतो. खूप वेळ पुसतो.
आणि म्हणतो,
"सर, ही तारीख कालची आहे."

बस, एवढंच.
संगीत नाही. थिएटरात कुणाचं पॉपकॉर्न वाजलं नाही.
प्रबोधसुद्धा जागा झाला.

कुंपणच शेत खातंय हे कळायला नायकाला
दोन तास, एक बोट
आणि अर्धं लंडन खर्ची घालावं लागलं.
कारकुनाला तारखेवरून कळलं.

त्याला पुढच्याच दृश्यात मारतात, अर्थात.
त्याच वेळी, मागे, धूसर,
मोहरीच्या रंगाचा स्वेटर घातलेली एक बाई
फाइल छातीशी धरून जाते.
दीड सेकंद. "तू! तू!" निहार कुजबुजला.
मला घाम फुटला.
ही कोण? हिला सगळं माहीत आहे.
हिला थांबवत का नाही कुणी?
विचारत का नाही, बाई, त्यात काय आहे?
पण कॅमेरा नायकामागे छपरावर गेला.

सिनेमा तसा बराच होता.
शेवट गुंडाळला. झेंडा जरा जास्तच फडकला.

सोमवारी मी तळघरातून एक जुनी फाइल मागवली.
अर्ज भरून, रीतसर.
गिलियन म्हणाली, "आता कशाला? तिथे तर जिम झालंय."
म्हटलं, काही नाही गं,
तारीख बघायचीय.