रीडिंग

माझी मतं कुणी विचारत नाही
म्हणून मीच सांगत सुटतो.
मत मागायला दारात येतात ते पाच वर्षांनी एकदा,
तेही एकच नेतात.
बाकीची पडून असतात माळ्यावर.

अस्नोड्यात माडाखाली स्कूटर लावू नये,
हे पहिलं.
पाडेली म्हातारा झाला, त्याचा पोर पणजीला
बोटीवरच्या कॅसिनोत पत्ते वाटतो;
कधी उतरायचं ते नारळ आता स्वतःच ठरवतो.
शांबा कामताची गाडी, हप्ता तिसरा,
टपाला हा एवढा खळगा.
विमावाला म्हणाला, देवाची करणी.
देवाचं नाव पॉलिसीत बारीक अक्षरात असतं,
चष्मा लावून वाचावं.

एकतीस वर्षं मी वीजखात्यात मीटर वाचले.
चारदा कुत्रं चावलं, एकदा घरमालक.
तरी सांगतो, घरातलं सगळ्यात धोक्याचं जनावर
न्हाणीत भिंतीला टांगलेलं असतं,
आणि त्याला अर्थिंग नसतं.
तीन पिनांच्या जागी उघड्या वायरी खुपसून
त्या आगपेटीच्या काड्यांनी दाबणारे लोक
रोज सकाळी देवाला फुलं वाहतात.
बरोबरच आहे त्यांचं.

फ्रिज घेताना तारे मोजावेत.
शालनने दारावरची फुलं मोजली.
तीन तारे, सतरा फुलं.
फुलं दर महिन्याला बिलात उमलतात.

ज्या बांगड्यावर माशी बसत नाही
तो मी उचलत नाही.
माशीला कुणी कमिशन देत नाही.

पाव लहान झालाय.
इनास पदेर म्हणतो, तिकडे लढाई, पीठ महागलं.
ती लढाई थांबली, दुसरी लागली,
मधल्या सहा महिन्यांत पाव काही मोठा झाला नाही.
तिठ्यावर मी हे बोललो तर म्हणाले,
तुला जगातलं काय कळतं, तू मीटर वाच.

वाचतोच.
निवृत्त झालो तरी नजर जाते
प्रत्येक घराच्या त्या काळ्या पेटीकडे.
कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं शिवण बंद पडलं,
कुणी रात्रीचं झोपत नाही,
सगळं फिरत्या आकड्यांत असतं.

समोरच्या पिएदादबायचा आग्नेल तेलाच्या जहाजावर आहे,
इंजिनखोलीत.
त्या चिंचोळ्या समुद्रातून जहाज जायचं आहे,
जिथे हल्ली आकाशातून काहीबाही येतं.
ती बातम्या लावत नाही.
फक्त बाल्कांवातला बल्ब लावते,
साठ वॅटचा, पिवळा, जुना,
तिन्हीसांजेपासून थेट उजाडेपर्यंत.
महिन्याला एकवीस युनिट, आणि वर थोडं.
सामुद्रधुनीची आमच्या वाड्यावरची
ही एवढी नोंद.

गावभर सांगत आलो मी,
नको तिथला दिवा मालवा.
रविवारी नऊ वॅटचा एलईडी खिशात घालून
तिच्या पायऱ्या चढलो.
भाषण पाठ होतं.
ती म्हणाली, "त्याच्या ओळखीचा आहे रे हा उजेड,"
आणि चहा ठेवायला आत गेली.

खिशातलं खिशातच राहिलं.
होल्डर मात्र सैल होता, ठिणगी उडत होती,
तेवढं तरी माझ्या अखत्यारीतलं.
मेन खाली पाडला, स्क्रू आवळला.
दोन मिनिटं मिट्ट काळोख.
ती आतून धडपडत अंगणापर्यंत आली
आणि रस्त्याकडे तोंड करून
मोठ्यानं म्हणाली,
"येतो हां. आत्ता येतो."

दिव्याबद्दलच म्हणाली असेल.
मी मेन वर केला.