मुक्काम, पुढील हुकुमापर्यंत

मोती महालातल्या खालच्या दप्तरात
मला रोजंदारीवर घेतलंय, मोडी वाचायला.
दारावर नाव नाही, हजेरीपटात आहे:
कु. शरयू लघाटे, अर्धवेळ.

भदौरियाबाबू किल्ल्यांचा जुडगा फिरवत विचारतात,
तुमच्या लोकांनी एवढं लिहिलंय तरी काय?
हिशेब, मी सांगते. नुसते हिशेब.
दोरखंड, मेखा, दाणावैरण,
उंटांच्या वेसणी,
कुणाची राहुटी कुणाच्या उजव्या हाताला.

गावाचं नावच लष्कर.
गाव म्हणून ते कुणी वसवलंच नाही.
घोडे बांधले त्या बाजूने गल्ली वळली,
तोफखाना थांबला ती जिन्सी,
मग नाला, मग नाल्यांना नंबर.
एक चाक चिखलात रुतलं, कुणी काढलं नाही,
रस्ता त्याला वळसा घालून गेला.
अजून घालतो. चाक कधीच नाहीसं झालंय.

कापडाच्या जागी दगड आला.
कमाविसदार गेला, सुभा आला,
सुभ्याच्या खुर्चीत कलेक्टर,
चावडीच्या जोत्यावर वॉर्ड ऑफिस.
मुरार, लष्कर, किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर,
तिन्ही एकाच शिक्क्यात कोंबली;
शिक्का अजून तिरका उमटतो.
मध्ये काही वर्षं राजधानीही राहून गेली,
हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात इंदुरात,
मग भोपाळला गेली ती गेलीच.
कपाटं न्यायची राहिली. मी त्यांच्यातच बसते.

मंगळवारी कंपूतल्या भागूबाई इंगुळकर आल्या.
हातात निगमची नोटीस: प्रभागाची नवी हद्द
त्यांच्या ओट्यावरून गेली होती.
पायरी एका वॉर्डात, उंबरा दुसऱ्यात.
"बेटा, नळाची तक्रार करायला
मी आता कुण्या दारातून निघू?"

धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीतून
त्यांनी एक कागद काढला.
मी वाचला. आधी मनात, मग मोठ्याने.
लांबी वीस हात, रुंदी बारा.
राहुट्या दोन, घोडं एक.
मुक्काम, पुढील कुचाचा हुकूम होई तोवर.

बाबूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.
"और वो हुकूम?"

तेव्हापासून शोधते आहे.
रुमाल सोडते, झटकते, बांधते.
वाळवीने चाळणी केलेलं पान उजेडाला धरते,
भोकांतून खिडकी दिसते.
हत्तीच्या औषधाची यादी सापडली,
एका शागिर्दाची रजा, आईच्या दुखण्यासाठी,
समासात कुणा कंटाळलेल्या कारकुनाने काढलेला कावळा.
कूच नाही.

नोटिशीचं उत्तर मीच लिहून दिलं, हिंदीत, दोन प्रतींत:
अर्जदार इथे तात्पुरत्या राहतात.
हद्दीस हरकत नाही.
मोजणीत घोडं एक धरावं.

परवा मोजणीदार टेप घेऊन गेला.
अंगणात गंजलेली एक मेख आहे,
तिच्यापासून कडुनिंबापर्यंत कपडे वाळतात.
हद्दीत येते, काढा, म्हणाला.
भागूबाई ओला पदर पिळत होत्या.
म्हणाल्या, हुकूम दाखव.

संध्याकाळी दप्तराला कुलूप लावताना
बाबू हल्ली एकच शब्द विचारतात: मिला?
नाही म्हटलं की बरं वाटल्यासारखे
जिना चढून जातात.