वजा बारदान

छावणीच्या मंडीत मी तुलावटी.
सकाळी काटा पुसतो, आधी रिकामा तोलतो,
मग पोतं. पावतीवर खाली लिहितो, वजा बारदान:
सहाशे ग्रॅम, ताग ओला असेल तर सातशे.
हम्माल हसतात, "भिया, इतकं कोण देखता है?"
मी बघतो. तेवढ्याचीच माझी रोजी.

आमच्या घराचा एक नेम आहे.
उपकारस्तुतीच्या रविवारी वेदीपुढे पहिलं पोतं आमचं.
आजोबा नगरकडून इंदूरला आले, कापड गिरणीत लागले,
पहिल्या पगाराचा गहू त्यांनी देवापुढे ठेवला.
पायलीभर होता म्हणतात, धोतराच्या सोग्यात.
पायलीचं पोतं कधी झालं, पोत्याचा लिलाव कधी,
आणि आपलंच पोतं आपणच
सगळ्यांत चढ्या बोलीने सोडवायचं, हे कोणी ठरवलं,
कुठल्याच वहीत नाही.
गेल्या वर्षी एकवीस हजार.
फळ्यावर रणनवरे, खडूने, वळणदार.

सलोमीआत्याने मला वाढवलं.
तिचे कान गेलेत. मंडळी आमेनला पोचते
तेव्हा ती तिसऱ्या कडव्यात एकटी असते
आणि मागच्या बाकावरची पोरं तोंड दाबतात.
पलासियाच्या डॉक्टरने यंत्राची किंमत सांगितली,
दोन्ही कानांची मिळून वीस हजार आठशे.
मी म्हणालो, "आत्या, सणानंतर बघू."
तिला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली,
जणू मी काहीतरी चांगलं बोललो होतो.

त्या रात्री शुभवर्तमानाचा सातवा अध्याय लागला.
आई-बाप थकलेत, आणि मुलगा सांगतोय,
तुमच्या वाट्याचं होतं ते देवाला वाहिलं.
कुर्बान. एक शब्द, की हात मोकळे.
लहानपणापासून हा भाग मी मोठ्याने वाचत आलो,
परूशी म्हणजे लांब गोंड्यांचे, लांबचे कोणीतरी.
त्या रात्री त्याच्या कानावर पेन्सिल खोचलेली होती.

उजागरेकाकांकडे गेलो. माणूस वाईट नाही,
माझ्या बापाच्या पेटीला त्यांनी खांदा दिलाय.
म्हणाले, "शास्त्र आहेच रे. पण तीन पिढ्यांचं चाललंय.
उद्या विचारशील, घंटा कुठे लिहिलीय?
नाताळची करंजी कुठे लिहिलीय?"
मला उत्तर आलं नाही.
करंजी खरंच कुठे लिहिलेली नाही,
आणि करंजी मी सोडणार नाही.

घरी येताना खातीपुऱ्याच्या वळणावर सुचलं,
फार उशिरा, जसं मला नेहमी सुचतं:
बारदान वाईट नसतं.
त्याच्याविना दाणा वाटेतच सांडला असता,
आजोबांपासून माझ्यापर्यंत काही पोचलं नसतं.
फक्त तागाला गव्हाच्या भावात विकू नये.
आणि तोलताना
आपला अंगठा काट्यावर नाही ना, ते पाहावं.

रविवारी पोतं ठेवलं. बोली सुरू झाली. मी गप्प.
काकांनी तीनदा माझ्याकडे पाहिलं.
पंखा तेवढा कुरकुरत होता.
मग झाबुआकडचा एक नवा माणूस,
टायरच्या दुकानात पंक्चर काढणारा,
उभा राहून, घाबरत, "नऊशे" म्हणाला.
त्याला गहू खरोखरच हवा होता.
इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं असावं.

आत्याच्या कानात नवं यंत्र.
गीत सुरू झालं आणि ती अर्ध्या ओळीवर थांबली.
"अरे, सगळेच बेसूर आहेत की!
मला वाटायचं, मीच."
मग माझ्याविषयीची कुजबूजही तिने ऐकली असणार,
कारण तिने माझा हात धरला,
पोरासारखा, सगळ्यांदेखत.

मग काकांची प्रार्थना उभी राहिली, नेहमीसारखी लांब,
सगळी राष्ट्रं, सगळे आजारी, नगरपालिका.
आत्याचा दुसरा हात हळूच कानाकडे गेला.
बारीकशी कळ फिरली.
डोळे मिटून ती शांत बसली.
मी तिला विचारलं नाही,
हे कुठे लिहिलंय म्हणून.