लूनाच्या कॅरियरवरून

धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर क्लास.
शिकवणारी ऋजुता बोंद्रे, मी नोकरीला लागले
तेव्हा जन्मलीही नव्हती.
म्हणाली, पाठ करू नका, काकू.
ओळखीचा एखादा रस्ता घ्या,
एकेक शब्द त्यावर ठेवत जा,
जितका वेडगळ ठेवाल तितका टिकेल.

ओळखीचा रस्ता माझ्याकडे एकच.
अजनीचं रेल्वे क्वार्टर ते बर्डीवरची विमा कचेरी,
एकवीस वर्षं, सव्वादहाला,
लूनाच्या कॅरियरवर एका बाजूला पाय टाकून,
मांडीवर दोन डबे.
पाहिला असा नाहीच तो रस्ता. समोर ह्यांची पाठ,
रस्ता कडेकडेनं यायचा.

निघताना नळ. पाणी म्हणजे आग्वा.
मे महिन्यात आमच्या टाकीतून
पाण्याच्या नावाखाली आगच यायची,
त्याला वेगळी युक्ती लागली नाही.
फाटकाशी मन्या वायरमन उभा केला.
मन्याना म्हणजे उद्या.
आमचा पंखा त्यानं आठ वर्षं उद्याच दुरुस्त केला.
अजनीच्या पुलावर सूर्य, सोल.
संत्र्यासारखा हातात धरून सोलला,
फोडी निघाल्या अकरा,
पदर पिवळा तो पिवळाच.
पुढं पानठेला. पान म्हणजे पाव.
यशवंता ब्रेडच्या स्लाइसला चुना लावून राहिला,
वर कात, वर सुपारी,
गिऱ्हाइकाच्या गालात अख्खी लादी.
काल म्हणजे आयेर,
तो पंचशील चौकात ठेवला, आहेराचं पाकीट,
आत किती ते बघायचं नाही, परतही करायचं नाही.

आणि चंद्र म्हणजे लूना.
हे ऐकून मी वर्गात एवढी हसले
की पोरं वळून बघायला लागली.
एकवीस वर्षं मी चंद्रावर बसून
पॉलिशा टाइप करायला जात होते,
चढावर पेडल मारावं लागणाऱ्या चंद्रावर,
आणि कुणी सांगितलं नाही.

पोरं विचारतात,
काकू, तुम्ही काहून शिकून राहिल्या?
तिकडं कोणी आहे का?
तिकडं कोणी नाही. पासपोर्टही नाही.
नाद, म्हटलं. शेवटचं अक्षर जरा लांबलं.
त्यांना ते स्पॅनिश वाटलं. नादा. काही नाही.
वाटू दिलं.

लसूण मात्र कुठंच ठेवला नव्हता.
आहो. ह जरा घशातून.
हा तर सोपाच, ऋजुता म्हणाली, तुमच्या घरातलाच.
हो, म्हटलं.

रविवारी कॉटन मार्केटात
गोण्यांच्या रांगेतून पुटपुटत चालले होते,
आहो, आहो,
त्यातला एक मोठ्यानं निघाला.
चार पुरुष वळले.
एक हमाल, पाठीवर पोतं तसंच.
एक म्हातारा, हातात कोथिंबिरीची जुडी.
बाकीचे दोघं नीट आठवत नाहीत.
चौघंही थांबून राहिले, हाक कुणाला ते बघत.
तीन वर्षं झाली होती
ती हाक तोंडातून जाऊन.
पाव किलो द्या, म्हटलं,
ज्याच्याकडे कांदे होते त्याला.

शनिवारी परीक्षा. वीस शब्द, अर्थ लिहा.
निघाले आपली अजनीहून.
नळ, मन्या, सोललेला सूर्य,
सगळे जागच्या जागी, भराभर उचलले.
सातव्या शब्दाशी पेन थांबला.
पोरं पेपर देऊन जिना उतरायला लागली,
खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.

आहो.

पुढची पाठ हलते. मान अर्धीच वळते,
पूर्ण कशी वळेल, समोर ट्रक आहे.
काय गं? वाऱ्यानं नीट ऐकू येत नाही.
मी डबे सांभाळत पुढं वाकते,
लसूण संपलाय, सांगते,
येताना घ्या.