बत्तिशीचा हिशेब

फी वर्षाला चार लाख साठ हजार.
पप्पांना एका दाताचे मिळतात एकशेऐंशी.
मी भागाकार केला ब्रोशरच्याच मागच्या पानावर,
गुळगुळीत कागद, पेन्सिल धड उमटेना :
दोन हजार पाचशे पंचावन्न दात, वर अर्धा.
म्हणजे ऐंशी माणसांची अख्खी बत्तिशी.
चार वर्षांची तीनशे वीस बोळकी भरायची
खेतवाडीतल्या त्या पोटमाळ्यावर,
जिथे पंखा लावता येत नाही, पावडर उडते.

सरकारी कॉलेज अकरा मार्कांनी हुकलं.
मेमरी ड्रॉइंगमध्ये भाजीवालीच्या तराजूला
मी एकच पारडं काढलं होतं.
दुसरं तिच्या पाठीआड होतं,
पण तपासणाऱ्याला ते कुठून दिसणार.

नलूमावशी म्हणाली, दात कोरून पोट भरत नाही गं,
आणि जीभ चावून गप्प झाली.
आमच्या घरात ही म्हण जपून वापरावी लागते.

बँकेतला माणूस वाईट नव्हता.
त्याने पाणी मागवलं, फॉर्म उलटसुलट पाहिला,
विचारलं, शिकून झाल्यावर ही होणार काय?
'चित्रकार' हा शब्द मी मोरीत दार लावून
कितीदा तरी म्हणून पाहिलाय.
तिथे, टोकन क्रमांक त्रेपन्नच्या लाल आकड्याखाली,
तो ओठांशी येऊन अडला.
डिझाइनमध्ये पण जाता येतं, मी म्हटलं.
पप्पा माझ्याकडे वळून बघत राहिले,
चुकीच्या शेडचा दात परत आल्यावर बघतात तसे.

हर्षद म्हणतो, सगळं फुकट आहे मोबाइलवर.
खरं आहे. हाताची बोटं काढायला मी तिथेच शिकले.
पण तिथे कुणी म्हणत नाही,
हे पान फाड.

काल रात्री डबा घेऊन लॅबवर गेले.
पप्पा एका म्हातारीचा पुढचा दात रंगवत होते,
सशाच्या मिशीएवढा ब्रश, भिंगावर वाकलेले.
पांढरे सोळा असतात, ते म्हणाले,
गिऱ्हाइकाला एकच माहीत असतो.
मुळाशी पिवळट, मध्ये दूध,
कडेला काचेसारखा निळा, असेल नसेल इतका.
मग चहाचा एक डाग, मग उभी बारीक तडा.
मुद्दाम?
मुद्दाम. नाहीतर शेजारचे दात ह्याला ओळखत नाहीत.

तुम्हाला कुणी शिकवलं?
वागळ्यांनी. पहिली दोन वर्षं नुसतं प्लास्टर ढवळलं.
पगार?
वडापाव. शनिवारी ट्रामच्या जुन्या डेपोपाशी चहा.
मग ती फीच झाली की, मी म्हटलं.
ब्रश पाण्यात तसाच राहिला.
सदतीस वर्षांत हा हिशेब
बहुधा त्यांनी कधी मांडला नव्हता.
बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं.

मग स्टूल थोडं सरकवून म्हणाले, कड तू कर.

मी केली. श्वास रोखून, जीभ दातांत धरून.
त्यांनी दात दिव्यापाशी नेला,
इकडे फिरवला, तिकडे फिरवला,
कापसाने माझी निळाई पुसून टाकली.
परत.

भट्टी तापत होती.
ब्रोशर डब्याखाली ओलं झालेलं,
त्यातल्या हिरवळीवर बसलेल्या मुली सुरकुतल्या होत्या.
पैसे भरायची मुदत शुक्रवारी चारपर्यंत.
म्हातारीला दात उद्या सकाळी हवाय,
नातवाचा साखरपुडा आहे, फोटो काढायचेत.